लामाराची चौथी पायरी

आमच्या गावात सून म्हणून आली त्याच दिवशी लामारानं अख्ख्या गावाचं गाणं चूक ठरवलं. लग्नाच्या पंगतीत! डोक्यावरची फुलं अजून सुकली नव्हती आणि हिचं तोंड सुरू.

मी एप्रो, शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक मोडकं कुंपण आणि एक अक्रोडाचं झाड, एवढंच काय ते अंतर. त्या घरात काय शिजतं आणि कोण कोणाशी अबोला धरून आहे, हे मला कोणी सांगावं लागत नाही. तिखटमीठ लावायची मला सवय नाही, पाहिलं तेच सांगतेय. आमच्या गुरिया प्रांताकडची माणसं भराभर बोलतात, मीही बोलते, तेवढं सांभाळून घ्या.

तर लग्न. अमिरानी ट्रक चालवायचा, डोंगरावरच्या मळ्यांतली चहाची पानं खाली कारखान्यात पोचवायचा. खाली बातुमी शहरात कुठल्याशा कार्यक्रमात ही त्याला भेटली. तिथं ती मुलांना संगीत शिकवायची, कागदावरचं, शास्त्रातलं. बारीक चणीची, लांब मानेची, बोलता बोलता बोटानं मांडीवर ताल धरणारी. लामाराला पाहून अमिरानीची आई पेलागिया काय म्हणाली माहितेय? कुंपणाशी येऊन मला म्हणते, "मक्याची भाकरी थापता येते का विचारलं, तर म्हणाली शिकेन. नातवंडं थापायला लागतील तोवर शिकेल बहुतेक."

पंगत रंगात आली, वाईनचे घडे फिरले आणि पुरुषांनी गाणं उचललं. आमच्याकडे गाणं तिघांचं असतं. एक खाली, त्याला आम्ही बानी म्हणतो, एक मधला, आणि एक वरचा. एकट्यानं गाणं म्हणजे एकट्यानं पिणं. करतात लोक, पण सांगत नाहीत. त्या दिवशी मधला आवाज म्हातारा पोलिकार्पे गात होता. गाणं एका जागी येऊन थांबलं, तिन्ही आवाज जिथे एकमेकांना धरून उभे राहतात तिथे, आणि आमची बाई नवऱ्याच्या कानात सांगावं तर नाही, चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "फार सुंदर. फक्त मधल्याचा सूर तिथं चुकतोय."

घडा हातात तसाच राहिला लोकांच्या. पोलिकार्पेनं मिशी पुसली. "चुकतोय का, पोरी?" तो म्हणाला. "खरं असेल बाई. माझे आजोबा चुकले, बाप चुकला, मी पन्नास वर्षं चुकतोय. आता नातवाला नीट चुकायला शिकवतोय, पण मेला शिकत नाही."

सगळे हसले. लामारा लाल झाली, पण गप्प बसेल तर ती लामारा कसली! म्हणाली, "तिथं 'मी' हा सूर हवा, तुम्ही 'फा' लावताय." त्या दिवसापासून गावात तिला कोणी लामारा म्हणेना. सोलफेज म्हणायचे, तिच्या त्या डो-रे-मीच्या पाठाला म्हणतात ते. सोलफेज भाकरी करपवते, सोलफेजला कोंबडी धरता येत नाही. पेलागिया तर देवापुढे मेणबत्ती लावतानाही म्हणायची, "सोलफेजचं भलं कर रे बाबा."

पुढे सामूहिक शेताच्या दुकानाच्या माडीवर तिला दोन खोल्या मिळाल्या आणि एक पियानो, ज्याचे काही सूर मुळात बोलायचेच नाहीत. तिथं तिनं मुलांचा वर्ग सुरू केला. मी मीठ-साखर आणायला जायची ती तासभर तिथंच रेंगाळायची. लाज कशाला, मला आवडायचं ते. दुकानाच्या बाहेरच्या लाकडी जिन्यावर ती पोरांना उभं करायची. प्रत्येक पायरी म्हणजे एक सूर. डो, रे, मी, फा, सोल, असं वरवर चढत जायचं. मग म्हणायची, "पहिलीवर तू. दुसरी सोड. तिसरीवर तू. चौथी सोड. पाचवीवर तू. आता तिघं एकदम गा." आणि ती शेंबडी पोरं गायची. अहो, काय सांगू, अंगावर काटा यायचा! तिच्या पुस्तकात त्याला मोठं नाव होतं. मी आपली जुडी म्हणायची. तीन सुरांची जुडी.

"कुठल्याही पायरीवरून सुरू करा," ती सांगायची, "एक घ्या, एक सोडा, एक घ्या, एक सोडा, एक घ्या. झाली तयार." पण सगळ्या जुड्या सारख्या नसायच्या. सुरांच्या पायऱ्यांत दोन बुटक्या असतात म्हणे, 'मी' आणि 'फा' यांच्यामधली एक, आणि एक पार वर. त्यामुळे पहिलीवरून सुरू केली तर जुडी हसरी यायची आणि दुसरीवरून सुरू केली तर तीच जुडी रडवेली. "खालचा आणि वरचा तसेच राहतात, एप्रोमावशी," ती मला म्हणायची. "त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. मधला अर्ध्या पावलानं खाली-वर झाला की सगळं बदलतं. सुख-दुःख सगळं मधल्याच्या हातात."

"आणि मधला तिथं नसलाच तर?" मी विचारलं.

"मग पोकळ. भिंती आहेत, छप्पर आहे, घरात कोणी नाही."

"आमचा पोलिकार्पे चौथीवर उभा राहतो ना?"

"तेच तर! चौथीवर उभं राहिलं की पाचवीवरच्याचा कोपर लागतो. घासतात ते सूर एकमेकांना."

"मग घासू देत की," मी म्हटलं. तिनं असं पाहिलं माझ्याकडे की मी मीठ उचललं आणि घरी आले.

दोनदा कूस रिकामी झाल्यावर तिला मुलगा झाला. बाद्री. तो झाला आणि ती जरा माणसांत आली. भाकरी थापायला शिकली, कुंपणाशी उभी राहून चहाड्या करायला शिकली, पेलागियाशी भांडायला शिकली. बाद्रीला घेऊन दिवसभर गायची. पेलागिया म्हणायची, "पोराला दुधाआधी सोलफेज पाजलं हिनं." पण नातवावर जीव तिचाही असा, की तो शिंकला तरी हिला धाप लागायची.

बाद्री पाच वर्षांचा असताना, रानात जांभळी फुलं फुटतात त्या दिवसांत, गावात धनी आले.

धनी म्हणजे कोण? शहरात त्याला गोवर म्हणतात. आम्ही असं नाव घेत नाही. ते समुद्रापलीकडून येतात, पोरांच्या अंगावर लाल उमटतात, आणि जितके दिवस घरात आहेत तितके दिवस घर त्यांचं. पलंगावर लाल कापड घालायचं, उशाशी फुलं ठेवायची, ताटात मिठाई मांडायची. कोंबडी कापायची नाही, सुरी-कात्री लपवून टाकायची, हातोडा वाजवायचा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. कोणी कोणाला दुखवायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही, आईनं तर नाहीच. हसऱ्या तोंडानं वावरायचं आणि तिघींनी बसून त्यांना गाणं म्हणायचं, म्हणजे ते खूश होऊन आल्या वाटेनं जातात. रागावले तर पोराला घेऊन जातात. आमच्या गावच्या दफनभूमीत जा आणि बघा, लहान लहान दगड किती आहेत ते. लस आमच्याकडे पुढे कैक वर्षांनी आली.

बाद्रीच्या कानामागे पहिला लाल ठिपका दिसला तशी पेलागियानं पेटीतून लाल शाल काढली. लामारा म्हणाली, "आई, हा आजार आहे. याला डॉक्टर लागतो."

"डॉक्टरही बोलव," पेलागिया गोड हसून म्हणाली. घरात धनी आले की हसावंच लागतं. "डॉक्टर दारातून येऊ दे, शाल पलंगावर राहू दे. दोघांची टक्कर होणार नाही, जागा मोठी आहे."

डॉक्टर म्हणजे आमचा सेव्हेरियान. तो खरा डॉक्टर नव्हे, शहरातल्या दवाखान्यात हाताखाली शिकून आलेला, पण सुई त्याला चांगली देता यायची. आला, दारातच टोपी काढली, पलंगाला वाकून म्हणाला, "धनी, आपल्या पायांवर लोळण घेतो, जरा हात लावू देता का?" आणि मग पोराचा ताप पाहिला. लामारा बघतच राहिली. "तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. तो म्हणाला, "मी दोन्हीकडून सांभाळून असतो बाई. माझीही पोरं आहेत."

पहिले दिवस बरे गेले. मग ताप चढला तो उतरेना. पोर पाणी पिईना. डोळे उघडेना. उजव्या कानाला हात लावून किंचाळायला लागला, मग दोन्ही कानांना. कानांतून पिवळं यायला लागलं. सेव्हेरियाननं सुया टोचल्या, आणखी टोचल्या. मग लामाराला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "माझ्याकडे आहे ते सगळं दिलं. याला खाली मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

"मग न्या!"

"कशावरून नेऊ?"

डोंगरातलं बर्फ वितळून नदीला लोंढा आला होता आणि पूल गेला होता. अमिरानीचा ट्रक पलीकडे अडकला होता. तो बिचारा काठावर उभा राहून हात हलवायचा, ओरडायचा. पाण्याच्या आवाजात काही कळायचं नाही. लामारा काठावर जायची आणि हसून हात हलवायची, सगळं ठीक आहे असं. ती हसत होती ते मी पाहिलंय. असं हसणं कोणाच्या वैऱ्यालाही नको.

काठावरून परत आली, थेट पेलागियासमोर उभी राहिली. म्हणाली, "तुमचं गाणं म्हणा. काय लागतं ते मी देते."

"दोघींनी गात नाहीत," पेलागिया म्हणाली. "दोन आवाजांचं गाणं धन्यांपुढे ठेवणं म्हणजे रिकामं ताट ठेवणं. वरचा मी गाईन. बानी ही एप्रो गाईल. मधला दारेजान गाते, आणि दारेजान नदीपलीकडे आहे."

"दुसरं कोणी बोलवा."

"ज्या घरात पोरं आहेत त्या सगळ्या घरांत धनी आहेत. एका घरचे धनी सोडून दुसऱ्याच्या दारात गायला कोण येईल? चालत नाही ते." पेलागियानं तिच्याकडे पाहिलं. "मधला तू गा."

"माझा यावर विश्वास नाही, आई."

"विश्वास कोण मागतंय तुझ्याकडे? मधला आवाज मागतेय."

पलंगाभोवती बसलो तिघी. पेलागियानं चोंगुरी मांडीवर घेतली, चार तारांची, तिच्या आईची. मी खालचा सूर धरला. पेलागिया वर गेली. आणि लामारा मध्ये आली. आवाज कसा म्हणाल तर दुधासारखा, खोटं कशाला बोलू. शब्द तिनं दोनदा ऐकून पाठ केले होते. गाणं चालत चालत त्या जागी आलं, जिथे तिघींनी उभं राहायचं असतं, आणि लामारा जाऊन बसली तिच्या लाडक्या तिसऱ्या पायरीवर. गोड गोड जुडी. शहरातल्या रेडिओवर लागते तशी.

पेलागियाचा हात तारांवर थांबला. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं चोंगुरीच घातली असती डोक्यात. पण घरात धनी! तोंडावर हसू ठेवून, मध घालून बोलली, "माझ्या सोन्या, तुझी इडापिडा मला लागो, काय गोड गळा आहे गं तुझा. इतका गोड की धन्यांचे दात किडतील. जरा वर उभी राहशील का, माझ्या राणी?"

"वर म्हणजे फा," लामारा म्हणाली. तीही हसत होती, डोळे मात्र पोरावर. "कळलं मला, आई."

कळलं होतं तिला, हे मी शपथेवर सांगते. पण गळा ऐकेना. पुन्हा गाणं, पुन्हा ती जागा, पुन्हा तो 'मी'चाच सूर. तिसऱ्यांदा मुद्दाम वर गेली आणि पेलागियाचा सूर बाजूला लागताच चटका बसल्यासारखी खाली सरकली. इतकी वर्षं पोरांना हेच सांगितलं होतं ना, चौथी सोड, चौथी सोड. आता चौथीवर पाय ठरेना.

तेवढ्यात बाद्री किंचाळला. दोन्ही कान धरून, पाठीची कमान करून. लामारा उठली, बाहेरच्या सज्जात गेली. मी मागोमाग गेले. तिनं बाहीचा गोळा करून तोंडात कोंबला होता आणि सगळं अंग हलत होतं. आवाज नाही. एक थेंब आवाज नाही. मी आयुष्यात खूप रडणी पाहिली, माझा नवरा लढाईवरून आला नाही तेव्हाची माझीही. पण ते रडणं मला अजून झोपेतून उठवतं.

बाही काढून ती म्हणाली, "एप्रोमावशी, मी हेच शिकवत आले ना, आयुष्यभर. एक सोडून एक, एक सोडून एक. आणि माझ्या पोरासाठी एक सूर लागत नाहीये मला. एकच मागतात. माझा विश्वास असो नसो, तो मरतोय आणि माझ्याकडून एकच सूर मागतात!"

"हस आधी," मी म्हटलं. "दारात आहेस. हस."

ती हसली. आणि मग सज्जातून खाली अंगणात जाणाऱ्या जिन्याकडे बघत राहिली. आमची घरं लाकडी खांबांवर उंच असतात, तेव्हा जिना प्रत्येक घराला आहेच. "आईंना बोलवा," ती म्हणाली. "चोंगुरी घेऊन."

सेव्हेरियानला पोराजवळ बसवलं आणि आम्ही जिन्यावर गेलो. तिनं मला पहिल्या पायरीवर उभं केलं, पेलागियाला पाचवीवर, आणि स्वतः तिसरीवर उभी राहिली, वर तोंड करून. बारीक पाऊस पडत होता. दोन म्हाताऱ्या आणि एक सून, शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत. रस्त्यावरून पोलिकार्पे चालला होता, थांबला. "काय गं पेलागिया, फोटो काढताय की काय?"

"या, या, पोलिकार्पे," पेलागिया साखर पेरत म्हणाली, "घरात धनी आहेत हो." त्याची टोपी झटकन खाली आली. तो फाटकाशी उभा राहिला. धन्यांचं गाणं बायकांनीच गायचं, नाहीतर त्यानं सूर लावून दाखवला असता बापडा.

आम्ही ती जागा गायलो. लामारा तिसरीवर, सूरही तिसरीचा. मग ती एक पायरी चढली. चौथी. आता तिचं कपाळ पेलागियाच्या छातीला लागत होतं, चोंगुरीची कड हनुवटीला. "इथं उभं राहायला जागाच नाही," ती म्हणाली.

"नाहीच," पेलागिया म्हणाली. "गा."

गायली. निसटली. पुन्हा गायली. आणि मग एकदम थांबून तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मी तुमच्यापासून मोजतेय, मावशी! दर वेळी खालून मोजत वर येतेय, म्हणून वाटेत 'मी'चा सूर लागतो आणि मी तिथंच थांबते. तुमच्याकडे बघायचंच नाही. आईंकडे बघायचं." तिनं पेलागियाचा झगा दोन्ही हातांनी धरला. "आई, तुमचा सूर धरा. सोडू नका, काही झालं तरी."

पेलागियानं सूर धरला. लामारा तिच्याच सुरात शिरली, दोघींचा एक झाला, आणि मग ती तिथून एकच पायरी खाली उतरली. फक्त एक. मी खालून बानी लावली.

लागलं!

असं लागलं की जिन्याचं लाकूड थरथरलं माझ्या पायांखाली. दोघींचे सूर एकमेकींना घासत होते, मागे हटत नव्हते. पेलागियाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते पावसाच्या नावावर खपवलं. पोलिकार्पेनं फाटकाशी छातीवर क्रूसाची खूण केली.

"ही पण जुडीच आहे," लामारा धापा टाकत म्हणाली. "तीनच सूर. नुसती वेगळी बांधलेली. मी पोरांना शिकवलीच नाही कधी."

"शिकवशील," पेलागिया म्हणाली. तिनं सुनेचं ओलं डोकं छातीशी धरलं होतं. लग्न झाल्यापासून मी हे पहिल्यांदा पाहत होते. "बाद्रीला पहिलं शिकव. चल आत."

मग आम्ही गायलो. आळीपाळीनं पाणी प्यायलो आणि गायलो. घसा बसला की कुजबुजत गायलो. लामारा एकदाही तिसरीवर घसरली नाही. पोराचा हात हातात धरून, तोंडावर हसू ठेवून चौथीवर उभी, वरच्याला घासून. मनातल्या मनात ती काय म्हणत होती ते तिच्या बोटांवरून कळायचं, इतकी घट्ट धरली होती तिनं ती छोटी बोटं. माझ्या मनात आलं, धनी असोत की नसोत, ही बाई त्याला जाऊ देणार नाही.

दुसऱ्या दिवशी पोराचं किंचाळणं हळूहळू कमी झालं. कानांना हात लावणंही थांबलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि मिठाईचं ताट नव्यानं भरलं. दुपारी त्याच्या कपाळावर घाम आला. सेव्हेरियाननं बगलेत ताप मोजायची नळी ठेवली, पाहिली, पुसून पुन्हा ठेवली. मग पलंगासमोर वाकला. "धनी, उपकार झाले," तो म्हणाला, आणि आमच्याकडे वळून हळूच, "वाचला. ताप उतरला, वाचला."

नाचावंसं वाटत होतं, पण मोठ्यानं श्वास घ्यायचीही चोरी. पेलागियानं चोंगुरीवर डोकं टेकलं. लामारा म्हणाली, "पुन्हा म्हणू या. आता आभाराचं." विश्वास नसणारी! ती म्हणाली म्हणून आम्ही उचललं. आणि इतकं सुंदर आम्ही त्या दोन दिवसांत गायलो नव्हतो. गळे फाटलेले, तरीही.

गाणं त्या जागी आलं. तिघी तिथं उभ्या राहिलो, सूर भरून, लांबवत. आणि बाद्रीनं डोळे उघडले.

स्वच्छ डोळे. आईला ओळखलं त्यानं, हसला. मला पाहिलं, आजीच्या हाताकडे पाहिलं, तारांवरून फिरणाऱ्या बोटांकडे. मग म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं, "आई, गाणं का थांबवलं?"

आम्ही थांबलो नव्हतो.

सेव्हेरियान सुई धूत होता. हातातलं टाकून आला, पोराच्या डोक्यामागे गेला, आणि कानाशी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. धन्यांच्या घरात टाळी! एकदा या कानाशी, एकदा त्या. बाद्री आईकडेच बघत होता. त्यानं मानही वळवली नाही.

पेलागियाचा आवाज फुटला. वरचा सूर गेला. मी बानी धरून ठेवली, का ते माहीत नाही, सोडायचं सुचलंच नाही. लामाराकडे पाहायची हिंमत होत नव्हती, तरी पाहिलं. हसत होती. धनी अजून घरात होते, त्यांना निरोप द्यायचा राहिला होता, तोवर रडता येत नव्हतं. पेलागियाशिवायही ती चौथीवर तशीच उभी होती, सूर जराही हलला नव्हता.

"गा ना, आई," बाद्री ओरडला. त्याचं ओरडणं त्यालाच कळत नव्हतं. "गा ना!"

लामारा त्याच्या तोंडाजवळ वाकली. त्याला दिसावं म्हणून तोंड मोठं, आणखी मोठं उघडून ती गात राहिली.